कुठली बोटं बधिर होतात? – परिघीय चेतासंस्थेबद्दल थोडं

शेवटचा_मणका

"हाताला मुंग्या येतात, काय घेऊ?" असा प्रश्न कुठेही टाका, उत्तरांचा पाऊस पडतो. कुणी बी१२ सांगतं, कुणी मानेचे व्यायाम, कुणी साखर तपासायला पिटाळतं. यातलं कुठलंही उत्तर बरोबर असू शकतं. पण "कुठल्या बोटांना?" हे क्वचितच कुणी विचारतं, आणि खरी मेख तिथेच असते. मी शरीररचनाशास्त्र शिकवतो, दवाखाना चालवत नाही. त्यामुळे इथे इलाज मिळणार नाही, नकाशा मिळेल.

करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू बधिर होत असेल तर पहिला संशय अल्नर चेतेवर (चेता म्हणजे नर्व्ह). ही चेता कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा जो टणक उंचवटा लागतो त्याच्या मागून, जवळजवळ कातडीला लागूनच जाते. कोपर दारावर आपटलं की करंगळीपर्यंत जो करंट जातो, तो हाडाचा नव्हे, हिचा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू मीडियन चेतेकडे. ती मनगटात एका अरुंद बोगद्यातून जाते. त्याच बोगद्यात बोटं वाकवणारे नऊ टेंडन (स्नायूंच्या दोऱ्या) दाटीवाटीने बसलेले असतात आणि वरून एक आडवा पट्टा घट्ट ताणलेला. जराशी सूज आली की सगळ्यात आधी चेता चेपते. कार्पल टनेल म्हणतात ते हेच.

यातला एक बारकावा मला फार आवडतो. तळव्याची अंगठ्याकडची कातडी मीडियन चेतेच्याच एका शाखेची, पण ती शाखा बोगद्याच्या आधीच फुटते आणि पट्ट्याच्या वरून तळव्यात उतरते. म्हणजे बोटं बधिर पण तळवा शाबूत, तर भानगड मनगटात. तळवाही बधिर असेल तर मनगटाच्या वर कुठेतरी शोधायला लागा. अल्नरचंही तसंच. तिचा प्रांत मनगटाच्या जरा वर संपतो. करंगळीबरोबर कोपरापर्यंतची आतली बाजूही बधिर असेल, तर कोपराला दोष देऊन उपयोग नाही. मानेतून निघणाऱ्या चेतांच्या मुळांपर्यंत जावं लागतं. आणि अनामिका मधोमध दुभागल्यासारखी वाटत असेल, अर्धी जागी नि अर्धी झोपलेली, तर तो चेतेचा त्रास असण्याची शक्यता जास्त. मानेतलं मूळ दबलं असेल तर बोट असं मधोमध वाटलं जात नाही.

हे असं का, ते कळायला थोडी रचना बघू. मेंदू आणि मेरुरज्जू (पाठीच्या कण्यातून जाणारा चेतांचा जाड दोर) हाडांच्या आत सुरक्षित. त्यांच्यातून बाहेर पडून कातडी, स्नायू, आतडी, ग्रंथींपर्यंत जे जाळं पोचतं ती परिघीय चेतासंस्था. मेंदूतून करोटी (कवटीतल्या) चेतांच्या १२ जोड्या, मेरुरज्जूतून मेरू चेतांच्या ३१ : मानेत ८, छातीत १२, कमरेत ५, त्रिकास्थीत ५ आणि माकडहाडाशी १. मानेचे मणके सात आणि चेता आठ कशा, हा विद्यार्थ्यांचा ठरलेला प्रश्न. पहिली जोडी कवटी आणि पहिल्या मणक्याच्या मधून निघते, आठवी सातव्याच्या खालून. तिथून पुढे प्रत्येक चेता आपापल्या नावाच्या मणक्याखालून.

प्रत्येक मेरू चेतेला दोन मुळं. मागच्या मुळातून संवेदना आत येतात, पुढच्यातून स्नायूंना हुकूम बाहेर जातात. चार्ल्स बेल यांनी १८११ मध्ये आणि फ्रांस्वा माजांदी यांनी १८२२ मध्ये प्राण्यांवर प्रयोग करून ही विभागणी उलगडली. श्रेय कुणाचं यावर दोन्ही बाजूंनी भरपूर वाद झाला. हालचालीच्या पेशींचं मुख्य अंग मेरुरज्जूच्या आत असतं. संवेदनेच्या पेशींचं मात्र बाहेर, मागच्या मुळावरच्या गुच्छिकेत, म्हणजे पेशींच्या छोट्या पुंजक्यात. लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा विषाणू याच गुच्छिकांमध्ये दडून बसतो आणि म्हातारपणी नागीण म्हणून उठतो. नागिणीचे फोड अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे का येतात याचं उत्तर इथे आहे: एक गुच्छिका, एक पट्टा.

दोन्ही मुळं एकत्र आली की चेता मिश्र होते. मग खांद्याजवळ अशा पाच मेरू चेता (मानेची पाचवी ते आठवी आणि छातीची पहिली; इथे यांनाही मुळंच म्हणतात) एकमेकांत मिसळतात, फुटतात, पुन्हा जुळतात आणि त्यातून हाताच्या चेता तयार होतात. या गुंत्यामुळे एका मुळाचे तंतू अनेक चेतांत जातात आणि एका चेतेत अनेक मुळांचे तंतू असतात. म्हणून मुळांचा नकाशा वेगळा, चेतांचा वेगळा, आणि दोन्ही एकमेकांवर ठेवले तरच बोटांची भाषा कळते.

प्रश्न असतील तर विचारा. पायांचं आणि स्वायत्त (आपोआप चालणाऱ्या) भागाचं लिहायचं राहिलंय.

गारगोटी

वा, मणकासाहेब! मधल्या बोटापर्यंत मुंग्या येणाऱ्या मंडळींत मीही आहे, रात्री जास्त. हात झटकला की बरं वाटतं.

एक शंका. पायावर पाय टाकून बराच वेळ बसलं की पाय झोपतो. ते रक्त थांबल्यामुळे ना?

शेवटचा_मणका

गारगोटी, रात्री जागं करणाऱ्या मुंग्या आणि झटकल्यावर आराम, हे कार्पल टनेलचं अगदी ठरलेलं वर्णन. झोपेत मनगट दुमडलेलं राहतं आणि बोगद्यातला दाब वाढतो. दाखवून घ्या. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा बारीक दिसायला लागेपर्यंत थांबू नका.

पायाचं अर्धं बरोबर. अख्ख्या पायाचं रक्त काही थांबत नाही, तसं झालं तर पाय गार आणि पांढरा पडेल. थांबतं ते चेतेला स्वतःला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतलं. शिवाय चेताही दाबली जाते. दाबाखाली जाड तंतू आधी गप्प होतात. ते स्पर्श आणि सांध्यांची स्थिती कळवणारे, म्हणून पाय आपला वाटत नाही, टेकला तरी कुठे टेकला कळत नाही, पण चिमटा काढला तर दुखतो. दाताच्या डॉक्टरांच्या इंजेक्शनचं बरोब्बर उलटं: तिथे बारीक तंतू आधी बंद पडतात, म्हणून दुखत नाही पण डॉक्टर ओढताहेत हे जाणवतं. दाब सुटला की तंतू लगेच शिस्तीत येत नाहीत, काही वेळ आपोआप संदेश सोडत बसतात. त्याच मुंग्या. म्हणजे मुंग्या हे चेता मेल्याचं लक्षण नसून ती परत बोलू लागल्याचं आहे.

गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला हाडाची जी गोटी लागते, तिच्या मानेला वळसा घालून पेरोनियल चेता जाते. तिथे चरबीची गादी जवळपास नसतेच. तासन्‌तास पायावर पाय टाकून बसणाऱ्यांना, झपाट्याने वजन उतरलेल्यांना किंवा प्लॅस्टर घट्ट बसलेल्यांना कधीकधी पाऊल वर उचलता येत नाही, चालताना चवडा घासतो. बहुतेकदा काही आठवड्यांत सुधारतं, कारण तंतू तुटलेला नसतो, त्याचं आवरण तेवढं दुखावलेलं असतं.

चकवा

छान धागा. मी एनसीव्ही (चेतेतल्या संदेशाचा वेग मोजणं) आणि ईएमजी (स्नायूतले विजेचे संदेश बघणं) तपासण्या करतो, म्हणून थोडी भर.

लोक टेबलावर येतात तेच घाबरून, कारण आधी करून गेलेल्या कुणीतरी "शॉक देतात" असं सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात होतं असं: अंगठ्याच्या बुडाशी छोटी पट्टी चिकटवतो, मनगटावर क्षणभर विजेचा हलका धक्का देतो, अंगठा टुणकन उडतो. मग तोच धक्का कोपराच्या खोबणीत देतो. अंगठा पुन्हा उडतो, पण काही मिलिसेकंद उशिरा. दोन्ही जागांमधलं अंतर टेपने मोजायचं, वेळेच्या फरकाने भागायचं, झाला वेग. हातात सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा जास्त, पायात ४० च्या वर, हे ठीक. हात गार असेल तर दर अंशामागे वेग साधारण दोन मीटरने घटतो, आणि धडधाकट माणसाचा अहवाल बिघडलेला दिसू शकतो. म्हणून आम्ही आधी हात गरम करतो. कुणी न करता सरळ तपासणी उरकत असेल तर तुम्ही स्वतः सांगा.

ही कल्पना जुनीच. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या सुमारास बेडकाच्या चेतेवर असंच दोन ठिकाणी धक्का देऊन वेग मोजला, तेव्हा तो सेकंदाला ३० मीटरच्या आसपासच निघाला. त्याआधी हा वेग मोजणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे असं मोठमोठे शास्त्रज्ञ मानत.

सगळे तंतू एकाच वेगाचे नसतात. सर्वात जाड मायलिनवाले (मायलिन म्हणजे तंतूभोवतीचं चरबीदार आवरण) सेकंदाला ७० ते १२० मीटर, बिनमायलिनचे बारीक सी तंतू जेमतेम अर्धा ते दोन मीटर. पायाचं बोट पलंगाच्या पायाला ठेचलं की आधी "लागलं" हे कळतं, लगेच एक तीक्ष्ण कळ येते, आणि सेकंदभराने ती खोल, जळजळणारी वेदना सावकाश येऊन पोचते. आपण त्या मधल्या क्षणात तोंड वाकडं करून तिची वाटच बघत असतो. ती सी तंतूंवरून येणारी.

आता महत्त्वाचं. आमचं यंत्र फक्त जाड तंतू बघतं. बारीक तंतूंचा आजार असेल तर तळपाय आगीसारखे जळतील आणि अहवाल नॉर्मल येईल. माझ्याच ओळखीतल्या एका बाईंना एका दवाखान्यात "रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत" म्हणून घरी पाठवलं होतं. नॉर्मल एनसीव्हीचा अर्थ "जाड तंतू ठीक आहेत" एवढाच.

सदाफुली

चकवा, हे वाचून बरं वाटलं हो. आईला बरीच वर्षं मधुमेह आहे. "पायाखाली कापूस पसरल्यासारखं वाटतं" म्हणते. दोन्ही पावलांना सारखंच. हात अजून ठीक आहेत. पायच आधी का?

शेवटचा_मणका

अंतरामुळे. पायाच्या अंगठ्याचा स्पर्श कळवणारी प्रत्येक पेशी एकसंध असते. तिचं मुख्य अंग कमरेपाशी गुच्छिकेत, आणि तंतू तिथून थेट अंगठ्यापर्यंत, जवळजवळ एक मीटर. या लांबच्या टोकाला लागणारी बहुतेक प्रथिनं त्या मुख्य अंगातच बनतात आणि तंतूच्या आतून वाहून न्यावी लागतात. जलद वाहतूक दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे कमरेपासून अंगठ्याला पोचायला दोन-तीन दिवस. तंतूचा सांगाडा बनवणारी प्रथिनं दिवसाला काही मिलिमीटरच सरकतात; त्यांना महिने लागतात. साखरेमुळे पेशी आणि तिच्या रक्तवाहिन्या कुरकुरायला लागल्या की सर्वात लांबचं टोक आधी उपाशी पडतं.

म्हणून मोज्याच्या आकाराचा बधिरपणा, दोन्ही पायांना सारखा. तो चढत गुडघ्याजवळ आला की साधारण तेवढ्याच लांबीच्या हातांच्या तंतूंची पाळी येते आणि बोटांची टोकं बधिर व्हायला लागतात. हा नकाशा कुठल्याच एका चेतेत किंवा मुळात बसत नाही. तो लांबीचा नकाशा आहे, आणि असा दिसला की मानेचा एमआरआय काढत बसण्याआधी रक्त तपासावं.

आईंच्या पावलांची तपासणी दोन साध्या गोष्टींनी होते: १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून, आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून. धागा टेकलेला कळत नसेल तर संरक्षक संवेदना गेली असं समजायचं. मग चपलेत खडा असला तरी तो दिवसभर चालेपर्यंत कळणार नाही. रोज रात्री तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. वाकता येत नसेल तर आरसा ठेवून. आणि गरम पाण्यात पाय बुडवण्याआधी ते पाणी दुसऱ्या कुणीतरी बघायचं.

मी_आपला_वाचक

+१. पण बी कॉम्प्लेक्स घ्यायला काय हरकत? चेतांचं टॉनिकच ते. जास्तीचं लघवीतून निघून जातं.

शेवटचा_मणका

इथे मात्र माझा विरोध नोंदवतो. बी१२ ची कमतरता खरी असेल तर ती भरून काढायलाच हवी, कारण ती चेतांबरोबर मेरुरज्जूलाही खाते. पण बी६ जास्त डोसमध्ये महिनोन्‌महिने घेतलं तर ते स्वतःच संवेदनेच्या चेतांना इजा करतं. म्हणजे मुंग्यांसाठी घेतलेल्या गोळीनेच मुंग्या. गंमत अशी की बी६ कमी पडलं तरी चेता बिघडतात. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडबरोबर बी६ देतात ते त्यासाठीच. तेव्हा "टॉनिक" म्हणून मूठभर गोळ्या नकोत. आधी रक्तातली पातळी बघा.

चकवा

सहमत. आणि एक इशारा देऊन ठेवतो, धाग्यात शोधणाऱ्याला सापडावा म्हणून. दोन्ही पायांतली ताकद काही दिवसांत झपाट्याने कमी होत वर चढत असेल, आधी जिना जड, मग खुर्चीतून उठणं जड, तर फोरमवर विचारत बसू नका, मोठ्या हॉस्पिटलात जा. गिलाँ-बारे सिंड्रोम असू शकतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती चेतांवरच उलटते, बहुतेकदा एखाद्या जुलाब-तापानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही. श्वासाचे स्नायू सापडले तर व्हेंटिलेटर लागतो. उपचार आहेत, इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणे, आणि बहुतेक जण पुन्हा चालतात. पण वेळ महत्त्वाची.

दुसरं, कातडीवर फिकट चट्टा आणि त्यावर स्पर्श किंवा गरम-गार कळत नाही, हे कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. त्याचा जंतू श्वान (Schwann) पेशींमध्ये घर करतो, म्हणजे तंतूंवर मायलिन गुंडाळणाऱ्या पेशींमध्ये. त्याला थंड जागा आवडते, म्हणून वरवरून जाणाऱ्या चेता आधी सापडतात. कोपरामागची अल्नर जाड झालेली बोटांना लागते. औषधाने पूर्ण बरा होतो. लपवू नका.

टिवल्याबावल्या

व्हेगस नर्व्ह "रीसेट" करण्याचे व्हिडिओ सगळीकडे दिसताहेत. तोंडावर गार पाणी, गुणगुणणं वगैरे. खरं की थोतांड?

शेवटचा_मणका

पाण्याचा भाग खरा, "रीसेट" नाही. चेहऱ्यावर गार पाणी पडलं की पाचव्या करोटी चेतेतून संदेश जातो आणि दहावीतून, म्हणजे व्हेगसमधून, हृदयाला हळू होण्याचा हुकूम येतो. पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्यांत हेच जास्त जोरात होतं. काही मिनिटांत सगळं पूर्ववत.

व्हेगस मुळात जबरदस्त आहे, तिला अशा जाहिरातीची गरज नाही. हृदयाला कुठल्याही चेतेचा हुकूम नसेल तर ते मिनिटाला १०० च्या आसपास चालेल. विश्रांतीत ७० वर असतं ते व्हेगसने लगाम ओढून धरल्यामुळे. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस उद्दीपित करून त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला आणि तेही मंदावलं. चेता रसायनाने बोलतात हे तिथे सिद्ध झालं. ते रसायन ॲसिटिलकोलीन. स्नायूंना आकसायचा हुकूमही त्यातूनच मिळतो. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं याला मोडणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतात, म्हणून विषबाधेत लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, मंद नाडी, फडफडणारे स्नायू सगळं एकदम दिसतं.

व्हेगसमधले बहुतांश तंतू मात्र हुकूम देणारे नसून मेंदूकडे बातम्या नेणारे आहेत. आणि आतड्यांच्या भिंतीत १० कोटींहून जास्त चेतापेशींचं स्वतंत्र जाळं आहे. वरून काही हुकूम नसला तरी ते अन्न पुढे ढकलत राहतं. स्वायत्त चेतांच्या अनुकंपी (सिम्पथेटिक) बाजूबद्दल एवढंच: उभं राहताना पायांतल्या रक्तवाहिन्या आवळून धरण्याचं काम तिचं. मधुमेहात तेही तंतू बिघडतात. सदाफुली, आईंना उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर झोपून आणि उभं राहून, दोन्ही वेळा रक्तदाब बघायला सांगा.

उंबरठा

उशिरा आलो. माझ्या भाच्याच्या मनगटावर काच लागून मीडियन चेता तुटली. त्याच दिवशी शिवली. तीन महिने होत आले, बोटांच्या टोकांना अजून काही कळत नाही. ऑपरेशन फसलं का?

शेवटचा_मणका

तीन महिन्यांवरून तसं म्हणता येत नाही. तंतू तुटला की पुढचा सगळा भाग मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये हे बेडकाच्या जिभेच्या चेतांत दाखवलं. श्वान पेशी मात्र मागे राहतात, कचरा साफ करतात आणि नव्या अंकुराला वाट दाखवायला रांगेत उभ्या राहतात. अंकुर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, तोही सुरुवातीचे काही आठवडे गेल्यावर. मनगटापासून तर्जनीचं टोक १८ सेंटिमीटर धरलं तर सहा महिन्यांच्या पुढेच जातं.

प्रगती बघायची एक सोपी खूण आहे, तिनेल यांची. टाक्यापासून बोटाकडे हलकेच टिचक्या मारत जायचं. जिथे टिचकीने बोटात झिणझिण्या उठतात, तिथवर अंकुर पोचलेत. महिन्या-महिन्याने ती जागा पुढे सरकत असेल तर गाडी चालू आहे. टाक्यापाशीच अडकून बसली असेल तर सर्जनना दाखवायला उशीर नको, कारण हुकूमाविना पडून राहिलेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षानंतर नव्या तंतूला दाद देईनासा होतो. मनगटाला दुखापत म्हणजे नशीब म्हणायचं. खांद्याजवळची चेता तुटली तर हाताच्या पंजापर्यंत पोचेस्तोवर ही मुदत उलटून जाते.

गारगोटी

मग डोळ्याची चेता का नाही जुळत? तीही १२ मधलीच ना?

शेवटचा_मणका

मोजणीत आहे, जातीने नाही. दृष्टीची चेता म्हणजे मेंदूचाच बाहेर आलेला भाग. तिच्यावरचं मायलिन श्वान पेशींचं नसून मेंदूतल्या पेशींचं, आणि त्या पेशी वाट दाखवत नाहीत, उलट वाढ अडवतात.

उंबरठा

धन्यवाद, जीव भांड्यात पडला. तोवर त्याने काय करायचं?

चकवा

फिजिओथेरपी चुकवायची नाही. सांधे आखडले तर चेता येऊन उपयोग काय? बोटं दुसऱ्या हाताने रोज पूर्ण वाकवायची, उघडायची. स्प्लिंट दिलं असेल तर सांगितलं तेवढा वेळ घालायचं. चहाचा कप, इस्त्री, गॅसपासून जपून, कारण भाजलेलं कळणार नाही. आणि संवेदना परत येईल तेव्हा ती आधी विचित्र येईल: तर्जनीला हात लावला तर मधल्या बोटाला लावल्यासारखं वाटेल, कारण सगळे अंकुर जुन्या पत्त्यावर पोचत नाहीत. तेव्हा डोळे मिटून कापड, नाणं, किल्ली ओळखायचा सराव करायचा, मग डोळे उघडून ताडून बघायचं. वय काय त्याचं?

उंबरठा

अकरा.

चकवा

मग उत्तम. लहान मुलांचा मेंदू हे नवे पत्ते मोठ्यांपेक्षा खूप चांगले शिकतो. सर्जन म्हणतील तेव्हा ईएमजी करून घ्या. अंगठ्याच्या स्नायूत नवे संदेश डोळ्यांना हालचाल दिसण्याच्या आधी तिथे दिसतात.